बाळाबाईला सांगितलेली भुतं

शुक्रवार, ६ जानेवारी १९३९, निपाणी

डॉक्टरांकडे औषधाच्या कंपनीकडून यंदा दोन डायऱ्या आल्या, त्यातली एक मला मिळाली. बाळंतिणींच्या तारखा लिहा म्हणाले. त्या दवाखान्याच्या वहीत असतातच. इथे मी सिनेमाबद्दल लिहिणार. पाहून आलं की कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि माझ्या खोलीत सांगण्यासारखं कोण, तर स्टोव्ह.

बाजाराच्या मैदानात तंबू पडला आहे. दर गुरुवारी, म्हणजे बाजारच्या दिवशी, तंबूवाला भुताचा खेळ लावतो. खेड्यातली माणसं त्यालाच गर्दी करतात. दिवस मावळला की सुरू.

कालचं चित्र विहिरीतल्या बाईचं. सासूने ढकललेली सून परत येते. गाणी सात, त्यातली पाच भूत झाल्यावर. विहिरीतून वर आली तरी पातळ कोरडं ठणठणीत! माझ्या पाहण्यात पाण्यातून काढलेली तीन माणसं आहेत. ती अशी दिसत नाहीत आणि गात तर मुळीच नाहीत. तरी ती पायऱ्या चढत आली तेव्हा मी ओरडले. मोठ्याने ओरडले. फार बरं वाटलं. दिवसभर मी दुसऱ्यांना ओरडू नका म्हणून सांगत असते.

बायकांच्या बाजूला, अगदी पडद्याच्या पायाशी, एक म्हातारी शेजारी बसली होती. विड्यांच्या कारखान्यात काम करते, अंगाला तंबाखूचा वास. भूत आलं की माझा दंड धरायची आणि विचारायची, "आता काय कराली ती, बाई?" मी सांगायची. तिच्या बांगडीचा वळ सकाळीही दंडावर होता.

शुक्रवार, १३ जानेवारी

काल मुंजाचं चित्र. अगदीच टाकाऊ. मुंजा म्हणजे चाळिशीचा गडी, हनुवटी निळी दिसत होती. घरातली भांडी आपोआप पडतात ती दोरीने ओढलेली, दोरीही दिसली.

ती म्हातारी पुन्हा शेजारी. मीच तिला शोधत गेले असं नाही, जागा तिथेच होती. नाव बाळाबाई. मूळची बेळगावजवळच्या कंग्राळीकडची, नवरा वारल्यावर इकडे कामाला आली. एकुलती एक लेक अक्काताई, ती तिकडेच दिली आहे.

मुंजा येतो ती जागा पडद्यावर नुसतं अंगण होतं. मी बाळाबाईला सांगितलं, "पिंपळ आहे. एवढा मोठा, आणि वाऱ्याशिवाय पानं हलतायत." तिने श्वास रोखून धरला. मग मी आणखी सांगितलं. मुंजाच्या पायांना माती लागलेली नाही, त्याच्या मागे कुत्रं चालतंय पण भुंकत नाही. खोटं सांगितलं म्हणायचं का हे? चित्र इतकं भिकार होतं की कोणीतरी दुरुस्त करायलाच हवं होतं.

एकच यंत्र, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागतात. उजेडात तिने माझ्याकडे तोंड केलं. बुबुळं जरा दुधाळ वाटली. कारखान्यात धूळ फार असते.

मंगळवार, १७ जानेवारी

दोन बाळंतपणं. आज बारा माणसांशी बोलले आणि बाराही जणांना 'घाबरू नका' एवढंच सांगितलं.

शुक्रवार, २७ जानेवारी

काल इंग्रजी बोलपट! समुद्र, समुद्रात एक दिव्याचा मनोरा, त्यात राहणारा एक म्हातारा, आणि बुडून मेलेला त्याचा भाऊ रोज एक पायरी वर चढतो. एवढं चित्रावरून कळलं. बोलणं कोणालाच कळत नव्हतं. मला इंग्रजी येतं ते बाटल्यांवरचं.

बाळाबाईने दंड धरला. "काय म्हणालाय त्यो?"

मी सुरू केलं. भाऊ म्हणतो, आई माझी वाट बघत होती, तू तिला का सांगितलंस की मी परदेशी गेलो? म्हातारा म्हणतो, तिला खरं सांगवलं नाही. आजूबाजूच्या बायका सरकत सरकत जवळ आल्या. मागून एकजण म्हणाली, "जरा जोरानं सांगा की, नर्सबाई." शेवटी भाऊ वर पोचतो आणि दिवा विझतो, तिथे बाळाबाई रडली. पाच-सहाजणी रडल्या. मीही.

एकदम उत्तम चित्र. समुद्र मी कधी पाहिलेला नाही, बाळाबाईनेही नाही. परत येताना विचारत होती, "पाणी लई काळं हुतं न्हवं?" पाणी पांढरं दिसत होतं. मी म्हटलं, "होय, काळंच."

तेवढ्यात दवाखान्यातली मालुबाई, आमची आया, मागून म्हणाली, "म्हातारे, तुला दिसत न्हाय व्हय गं?"

"दिसतंय की! न दिसाया काय झालंय?" बाळाबाई म्हणाली.

मी मालुबाईला उद्या चादरी उकळायच्या आहेत त्याची आठवण करून दिली.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

काल यंत्र बिघडलं म्हणून खेळ नाही. तरी मैदानात गेले होते. बाळाबाईही आली होती, तंबूच्या दोरीला अडखळून पडली, गुडघा फुटला. मी धुऊन पट्टी बांधली. मग अर्धा तास आम्ही बंद तंबूपाशी बसलो आणि मी तिला एक चित्र सांगितलं. मी कुठेही न पाहिलेलं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

काल चित्र होतं हडळीचं. बरं होतं. हडळीचं काम करणारी बाई चालते छान.

नाही, आज सिनेमाबद्दल लिहीत नाही.

बाळाबाईला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. तिला उजेड-अंधार आणि हलणाऱ्या सावल्या यापलीकडे काही दिसत नाही. हे मला बारा जानेवारीलाच कळलं होतं. शिकत असताना बेळगावच्या इस्पितळात असे डोळे मी पन्नास तरी पाहिले असतील. मिरजेला ऑपरेशन करतात, माणसं चष्मा लावून घरी जातात. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं.

बोलले नाही. चार आठवडे झाले. तिला दिसायला लागलं तर ती मला कशाला विचारील?

लिहून टाकलं. वाचायला कोण येणार आहे?

मंगळवार, १४ फेब्रुवारी

सकाळी मालुबाई बाळाबाईला हाताला धरून घेऊन आली. चुलीवरून उकळत्या पाण्याचं पातेलं उतरताना काठ समजला नाही, डावा पाय घोट्यापासून भाजला आहे. वर कारखान्यातल्या मुकादमाने कालच सांगितलं म्हणे, तुझ्या निम्म्या विड्या बाद निघतात, आता येऊ नकोस. वळायचं काम बोटांनी जमतं, पण पान मापात कापायला डोळे लागतात.

मी पायाला मलम लावत होते. ती हूं की चूं करत नव्हती. पाय इतका बारीक की माझ्या दोन बोटांत मावला.

मी म्हटलं, "बाळाबाई, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मिरजेला जाऊ या."

"डोळ्यात सुरी घालत्यात न्हवं?"

"घालतात. पण दिसायला लागतं."

"आनि न्हाय दिसलं म्हंजे?"

खरं सांगायचं तर कधीकधी असंही होतं. जो उजेड दिसतो तोही जातो. मी ते सांगितलं. एवढं तरी खरं सांगितलं.

तिने माझा दंड धरला. मग म्हणाली, "तू येशील संगं?"

रविवार, १९ फेब्रुवारी, मिरज

सर्व्हिस मोटारीने कोल्हापूर, तिथून आगगाडी. बाळाबाई पहिल्यांदाच गाडीत बसली. खिडकीशी बसवली तर म्हणाली, "काय काय जायालंय भाईर?" मी सांगत राहिले. ऊस, मोटेची विहीर, लाल पातळातली बाई, पंचगंगेचं पाणी. ह्या वेळी मी काहीही पदरचं घातलं नाही. आहे तेवढंच सांगितलं. तिला ते नीरस वाटलं असावं, कारण हातकणंगल्याला ती झोपली.

तिचा जावई भरमू कंग्राळीहून थेट मिरजेला आला आहे. शेतकरी गडी, बोलत नाही, पण येताना सासूसाठी घोंगडी आणि हुरडा घेऊन आला. अक्काताईला सहावा महिना संपत आला आहे, पहिलटकरीण, म्हणून ती आली नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी, मिरज

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे बांधले आहेत. दहा दिवस उताणं पडायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, रडायचं तर नाहीच.

उद्या मला परतायला हवं. रजा संपली. संध्याकाळी तिच्या खाटेपासून निघताना तिचा हात हातात घेतला. तिने बोटं चाचपली आणि म्हणाली, "हातावरनं वळकलं मी. औषधाचा वास येतोय."

शुक्रवार, ३ मार्च, निपाणी

काल भुताचं चित्र, एका वाड्यात घड्याळ थांबतं आणि माणसं मरतात. भूत चांगलं केलं होतं, उगाच दिसत नाही, नुसतं दार उघडतं. छायाचित्रण चांगलं. संगीत कमी, हेही चांगलं. मला भीती वाटली नाही. मी ओरडले नाही. शेजारी एक बाई पोराला पाजत होती, तिला म्हटलं, "आता बघा, दार उघडेल." ती म्हणाली, "दिसतंय की मला."

सोमवार, ६ मार्च

मिरजेहून कार्ड. भरमूने तिथल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. "पट्टी सुटली. दिसतंय. पैला कावळा दिसला. तीन आठवड्यांनी आरसा मिळणार." आरसा म्हणजे चष्मा असावा.

कार्ड मालुबाईला वाचून दाखवलं. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "वा, चांगलं काम केलंत." मी कार्ड परत घेतलं आणि सुया उकळायला ठेवल्या.

शुक्रवार, ३१ मार्च

परवा बाळाबाई आली. जाड भिंगाचा चष्मा, दोऱ्याने कानामागे बांधलेला, त्यात डोळा लिंबाएवढा दिसतो. दवाखान्याच्या दारात उभी राहून प्रत्येकीकडे बघत होती. मी औषधं लावत होते.

"नर्सबाई कुठं हाईत?"

"मीच," मी म्हटलं.

ती जवळ आली. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं. "अगं बया! तू इतकी ल्हान?"

"बत्तीस वर्षांची आहे मी."

"तुजं बोलणं आईकून मला वाटलेलं, तू माज्यागत असशील. साठीची." आणि हसायला लागली. "अक्काताईपरास थोडी मोठी! आनि बोलतीस म्हाताऱ्या बाईगत!"

मालुबाईही हसली. मीही हसले. खोलीवर आल्यावर आरशात पाहिलं. एरवी पदर नीट आहे का तेवढंच पाहते.

काल आम्ही दोघी खेळाला गेलो. ती पडद्यापासून चांगली लांब बसली, तिथून स्पष्ट दिसतं म्हणाली. तंबूवाल्याने मुंजाचं चित्र पुन्हा आणलं होतं. मुंजा आला तशी ती मोठ्यांदा हसली. "ह्यो मुंजा? ह्येची दाढी बघ की! आनि पिंपळ कुठं हाय गं?"

"पिंपळ नाही त्यात."

"कुत्रं?"

"तेही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुजंच बेस हुतं."

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. दिवे लागले, रीळ बदलत होते, आणि इतक्या उजेडात तिचा तो मोठा डोळा माझ्यावर होता. मला राहवलं नाही. सांगितलं, की मला माहीत होतं. जानेवारीपासून. दुसऱ्या खेळालाच डोळे ओळखले होते, आणि बोलले नाही.

"का गं?"

"तुम्ही यायच्या थांबाल म्हणून."

ती तिच्या पायाकडे बघायला लागली. भाजल्याचा डाग गुलाबी आहे अजून. तिने तो आता पहिल्यांदाच नीट पाहिलेला असणार. मग उठली, लुगडं झटकलं आणि बायकांमधून वाट काढत निघून गेली. कोणाचाही हात न धरता, एकदाही न अडखळता. मी खेळ शेवटपर्यंत पाहिला. शेवट कसा झाला ते आठवत नाही.

शुक्रवार, ७ एप्रिल

काल बाळाबाई आली नाही. पेटाऱ्यातल्या मुंडक्याचं चित्र. ठीक.

मालुबाई म्हणाली, ती पुन्हा कारखान्यात जाते आहे, पानं बरोबर मापात कापते.

मंगळवार, ११ एप्रिल

तिच्या गल्लीपर्यंत गेले आणि परत आले. काय बोलायचं ते ठरेना. "मला माफ करा" हे नाटकातलं वाटतं. रोग्याला उशिरा सांगितलं तर दवाखान्यात त्याला चूक म्हणतात. मी केलं त्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, पण मोठ्याने म्हणवत नाही.

शुक्रवार, १४ एप्रिल

काल शेवटचा खेळ. तंबू आता गडहिंग्लजला जाणार. चित्र साधं होतं, एका बाईला तिची मेलेली जाऊ दिसते. जाऊ वाईट नव्हती, नुसती घरात फिरायची, भांडी बघायची, पोरांच्या अंगावर पांघरूण घालायची. कोणाला काही करायची नाही. गर्दीला आवडलं नाही, पुरुषांच्या बाजूने शिट्या आल्या. मला ह्या सगळ्या दिवसांतलं हेच आवडलं.

बाळाबाई होती, पलीकडच्या कनातीपाशी. अध्येमध्ये तिच्या चष्म्यावर पडद्याचा उजेड चमकायचा. दिवे लागले तेव्हा मी मान खाली घातली.

रविवार, १६ एप्रिल

आज दुपारी दार वाजलं. बाळाबाई. माझी खोली तिने कशी शोधली कोण जाणे. आत आली, चष्मा पदराने पुसला आणि सगळीकडे बघून घेतलं. खाट, स्टोव्ह, खुंटीवरची दोन पांढरी पातळं. भिंतीवर देवाची तसबीर नाही तेही बघितलं.

चहा केला. बशीत ओतून प्याली.

"नवरा हाय न्हवं तुला?" तिने विचारलं.

सात वर्षांत हा प्रश्न मला इतका सरळ कोणी विचारला नव्हता. मीही सरळ सांगितलं. बेळगावजवळ अनगोळला आहे. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून दुसरी आणली. मला कोणी जा म्हणालं नव्हतं, एका ताटात दोघींना वाढायला लागले एवढंच. मी उठून तिथल्याच शहापूरला वडिलांकडे आले. त्यांचा हातमाग, घरात तीन भाऊ, तीन भावजया. वडिलांनी नर्सच्या शिक्षणाला घातलं. शिकून इकडे आले ती परत गेले नाही. वडील वारले तेव्हाही पोचले ते दुसऱ्या दिवशी.

"तुजी चूक काय त्यात?"

"काही नाही."

"मग बेळगाव का सोडलंस?"

मी उठून स्टोव्ह पुसायला लागले. तिनेही जास्त विचारलं नाही. बशी पालथी घातली आणि म्हणाली, "मी अक्काताईकडं जायालोय बुधवारी. म्हैना-दोन म्हैनं तिकडंच. वैशाखात तिचं बाळंतपण. सासू आंधळी हाय तिची." आणि मग स्वतःच हसली. "खरीखुरी आंधळी न्हवं. पण हात घाणीचा हाय तिचा. नाळ इळ्यानं कापती. माजा भरवसा न्हाय तिच्यावर."

"मी काय काय लागेल ते लिहून देते," मी म्हटलं. "पाणी उकळून, कात्री उकळून..."

"लिवून घिऊन काय करू? मला वाचाया येतंय व्हय? तू ये."

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही.

"बाळाबाई, तुमचा राग गेला?"

"न्हाय." ती उठली, चष्म्याचा दोरा कानामागे ओढून घेतला. "इतक्यात जायाचा न्हाय त्यो. पाय बघितला की येतोय. राग हाय, ऱ्हाऊ दे. तू ये."

पायऱ्या उतरताना तिने भिंतीला हात लावला नाही. वाटेत एका कुंभाराच्या गाढवापाशी थांबून त्याला नीट निरखून पाहिलं आणि मग पुढे गेली.

सोमवार, १७ एप्रिल

कंग्राळीला जायचं तर बेळगावला उतरावं लागणार. अनगोळचं कोणी ना कोणी स्टँडवर असतंच. काल झोपेपर्यंत ह्याचाच विचार केला. मग आज सकाळी एका बाईची सुटका करताना, ती किंचाळत होती आणि मी तिला घाबरू नका म्हणत होते, तेव्हा लक्षात आलं की आज ते वाक्य मी नुसतं सवयीने म्हणत नव्हते, स्वतःलाही सांगत होते.

दुपारी रजेचा अर्ज लिहायला घेतला. वैशाखातले पंधरा दिवस. डॉक्टर देतील, वर्षभरात मिरजेचे तीन दिवस सोडले तर मी रजा घेतलेली नाही. 'कारण' ह्या शब्दापाशी अडले. 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं तर खोटं. 'परिचिताकडील बाळंतपण' लिहिलं तर डॉक्टर म्हणतील, परिचितांची बाळंतपणं करायला लागलात तर दवाखाना कोण बघणार? बाळाबाईला काय म्हणायचं, शेजारीण? मैत्रीण? साठीची बाई, जिचा माझ्यावर राग आहे.

शेवटी लिहिलं, 'घरचे बाळंतपण'.

माझं घर म्हणजे एक खोली आणि एक स्टोव्ह, हे डॉक्टरांना माहीत आहे. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतील. बघू देत. शाई वाळेपर्यंत थांबले आणि अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून आले.